मागच्या सीटवरून पारखलेली गाडी

जुनी गाडी घ्यायची ठरली की आमच्या कारखान्यातले लोक अजूनही मला बरोबर नेतात. मी हिशेब खात्यातला माणूस, मेकॅनिक नव्हे. पण एकेक गोष्ट क्रमाने आणि न कंटाळता बघायची मला सवय आहे, आणि जुन्या गाडीसमोर तीच उपयोगी पडते.

मी त्यांना सांगतो, गाडी सकाळी बघायला जा, इंजिन गार असताना. मालकाने आधीच चालू करून ठेवली असेल, तर बॉनेटवर हात ठेवा आणि कोमट लागलं तर उद्या येतो म्हणून परत फिरा. गार इंजिन सुरू होताना जे आवाज करतं, ते गरम इंजिन दडवतं. दाराचं रबर ओढून आतले वेल्डिंगचे ठिपके बघा. कारखान्यातले ठिपके एका मापाचे आणि एका अंतरावर असतात. बॉनेटच्या दोन्ही बाजूंची फट सारखी नसेल, तर गाडी कुठेतरी ठोकलेली आहे, मालक कुणाचीही शपथ घेत असो. ब्रेकचं पॅडल दाबून धरा. पाय हळूहळू खाली जात राहिला, तर दिलेला चहा प्या आणि निघा. चाक न हलता स्टिअरिंग दोन बोटांपेक्षा जास्त फिरत असेल, तर पुढे काही विचारायची गरज नाही. टायरची खाच दोन मिलिमीटरच्या खाली गेली असेल, तर ते टायर किमतीत धरू नका. सीटबेल्ट झटक्याने ओढून बघा, तो अडकला पाहिजे. सगळे दिवे लावून बघा, अगदी नंबरप्लेटवरचासुद्धा, कारण आरटीओच्या पासिंगला गाडी परत पाठवायला तेवढा एक दिवा पुरतो. आणि गाडी मुळशीकडे वाढलेली असेल, तर कपडे मळले तरी चालतील पण खाली वाकाच. आमच्याकडचा पाऊस चार महिने पत्रा खालून खात असतो. वरून रंग सगळेच मारतात.

एवढं सांगतो आणि थांबतो. एक तपासणी राहते, ती सांगत नाही. ती मला कधी येतच नव्हती. ती माझ्या बायकोला यायची.

आम्ही परभणीकडचे. नोकरीसाठी इकडे आलो आणि भुकूमला भाड्याच्या दोन खोल्यांत राहिलो. खोल्यांचे मालक गावातले जुने शेतकरी. सगळे त्यांना आबा म्हणायचे, आम्हीही तेच म्हणू लागलो. रस्त्याकडची थोडी जमीन विकून त्यांनी खोल्या बांधल्या होत्या आणि एक मोठी जीप घेतली होती. ती ते स्वतः चालवायचे आणि इतरांच्या गाडीला नावं ठेवायचे. त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. आम्हाला मूल नव्हतं. त्यामुळे संध्याकाळी काकूंच्या ओट्यावर माझी बायको असायची, आणि जेवायची वेळ झाली की मला तिला हाक मारून बोलवावं लागायचं.

२००५ साली तिच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले आणि परत आले. डॉक्टर म्हणाले, आता काही नाही, ठरलेल्या तारखांना दाखवत राहा. आम्ही दाखवत राहिलो. त्या तारखा मी कधी चुकवल्या नाहीत.

पुढच्या वर्षी तिची कंबर दुखायला लागली. तेही दाखवलं. फोटोत मणक्याची झीज आली. या वयात होते, म्हणाले. स्कूटरवर मागे बसू नका, धक्के टाळा. आमचा पौड रस्ता तेव्हा असा होता की धक्के टाळायचे तर घरीच बसायला हवं. कारखाना पिरंगुटच्या पुढे, दवाखाना पुण्यात, आणि मध्ये आम्ही. तेव्हा मी म्हणालो, आपण गाडी घेऊ. नवी परवडणारी नव्हती. जुनी घ्यायची तर बघून घेऊ, आणि बघायचं काम मी करीन.

तिला त्या गाडीकडून एकच हवं होतं. कंबर दुखायला नको. दुखायची थांबली, की दुखणं रस्त्याचं होतं हे नक्की होणार होतं. हे आम्ही दोघं एकमेकांशी बोललो नव्हतो, पण गाडी बघायला निघताना दोघांच्याही मनात तेच असायचं.

मी गाड्या बघायला लागलो तेव्हा आबांची करमणूक झाली. एकदा एक गाडी दाखवायला अंगणात आणली होती आणि मी चाकाच्या मागे बॅटरीचा उजेड टाकून गंज शोधत होतो.

"साहेब," आबा ओट्यावरून म्हणाले, "बैल घेताना आमी दात बगतो. तुमी तर शेपटीचं केस मोजाया लागलात."

"बैल बसला तर उठवता येतो आबा. ही ताम्हिणीत बसली तर?"

"मग माजी जीप कशाला हाय? दोर बांदू आन आनू वडत. सगळ्या गावाला दावू, साह्यबानं केस मोजून आनल्याली गाडी बगा म्हनू."

बायको काकूंजवळ शेंगा निवडत होती. ती म्हणाली, "यांचं हे आजचं नाही आबा. मला बघायला आले तेव्हा तीन वेळा आले. तिसऱ्यांदा माझ्या वडिलांनी विचारलं, अजून काय बघायचं राहिलंय?"

"मंग काय म्हनलं?" आबांनी विचारलं.

"म्हणाले, चहा चांगला असतो तुमच्याकडे."

काकू एवढ्या हसल्या की सुपातल्या शेंगा सांडल्या.

तिची तपासणी सुरू झाली ती हिंजवडीच्या एका तरुण मुलाच्या गाडीपासून. तो कॉम्प्युटर कंपनीत होता, त्याला मोठी गाडी घ्यायची होती म्हणून छोटी विकत होता. गाडी चकचकीत होती. माझ्या सगळ्या तपासण्यांत ती पास झाली. ठिपके सारखे, फटी सारख्या, धूर स्वच्छ. तो चालवायला बसला, मी शेजारी, ती मागे डावीकडे. घोटावड्याच्या बाजूला एक चक्कर मारून यायचं ठरलं. थोडं पुढे गेल्यावर ती म्हणाली, "अहो, मागे डावीकडे ठक् होतंय."

मी कान दिला. मला काही ऐकू येईना.

"आंटी, रोड खराब आहे ना," मुलगा म्हणाला. "अंकल, सर्व्हिस एकदम टाइमवर केलीय, तुम्ही चेक करा."

"रस्ता खराब आहे तर उजवीकडे का नाही होत?" ती म्हणाली.

परतताना आम्ही पिरंगुटच्या आमच्या मेकॅनिककडे थांबलो. त्याचं गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड आणि पुढे खड्डा. त्याने स्वतः आधी गाडी चालवून बघितली आणि काही नाही म्हणाला. मग माझ्या आग्रहाखातर जॅक लावला, चाक काढलं आणि आत हात घातला. मागच्या डाव्या बाजूचा रबरी बुश फाटला होता. वरून दिसत नव्हता, बोट घातल्यावर आत जात होतं.

"वहिनी, कान आहेत का काय आहे!"

"कान नाही हो. कंबर."

ती हे हसत म्हणाली. मेकॅनिकही हसला. मीही हसलो असणार.

त्यानंतर ती प्रत्येक गाडीला आली. तिची पद्धत ठरून गेली. चपला काढायची, दोन्ही पावलं खाली सपाट टेकवायची, एक तळवा सीटवर ठेवायची आणि डोळे मिटायची. तिने मला एकदा समजावून सांगितलं. आवाज नंतर येतो, म्हणाली. आधी इथे कळ येते, मग तो आवाज. पुढच्या चाकाचं काही असलं की मानेत येते. मागचं असलं की कमरेत, ज्या बाजूचं त्या बाजूला. शॉकअप गेला असेल तर एक खड्डा दोनदा लागतो, एकदा खड्डा आणि मग उगाच परत एकदा. मी हे सगळं मेकॅनिकला सांगितलं. त्याला पटलं नाही. म्हणाला, साहेब, असं काही नसतं, वहिनींचा अंदाज बरोबर येतो एवढंच. तिसऱ्या गाडीला तिने पुढच्या उजव्या चाकाचं नाव घेतलं. त्याने पैज लावली की ते चाक ठणठणीत आहे. बॉल जॉइंट ढिला निघाला. पैजेचे वडे तिने आबांच्या घरी वाटले.

हळूहळू ही गोष्ट कारखान्यात पसरली. माझ्याबरोबर तिलाही आमंत्रणं यायला लागली. वहिनींना आणता का जरा, गाडी बघायची आहे. ती नीट साडी नेसून यायची. लोकांच्या होऊ घातलेल्या गाड्यांत मागे बसून यायची आणि उतरल्यावर निकाल द्यायची. निकाल ऐकायला विकणारा आणि घेणारा दोघंही समोर उभे असायचे. एकदा एका विकणाऱ्याने चिडून विचारलं, तुम्ही कोण? ती म्हणाली, मी पासिंगची. आबा म्हणायचे, ताईला आरटीओत घ्या, सगळं घोटाळं एका दिसात बंद.

ऑपरेशननंतरच्या वर्षात मी तिला इतकं खूश बघितलं नव्हतं. ज्या दुखण्यामुळे स्कूटरवरून हिंडणं-फिरणं सुटलं, त्याचंच तिने काहीतरी करून दाखवलं होतं.

आमची गाडी शेवटी कोथरूडला मिळाली. एका वृद्ध गृहस्थांची होती. डोळ्यांमुळे त्यांनी चालवणं बंद केलं होतं. एकेचाळीस हजार किलोमीटर, पहिलेच मालक, आणि किल्लीच्या जुडग्याला त्यांनी स्वतः चिकटवलेल्या पट्टीवर टायरच्या हवेचा आकडा, तीस. मी माझं सगळं बघून घेतलं. मग चांदणी चौकातून भुकूमपर्यंत येऊन परत जायचं ठरलं. मी चालवत होतो, ते गृहस्थ शेजारी, ती मागे. भूगावच्या उतारानंतरचा खराब पट्टा गेला. ती बोलली नाही. भुकूम आलं, तरी बोलली नाही. मी आरशात बघितलं तर तिचे डोळे उघडे होते आणि ती खिडकीतून बाहेर बघत होती.

"काही लागलं?" मी विचारलं.

"कुठे काय? बाहेर बघत होते मी. त्या डोंगरावर केवढी घरं झालीत."

ती तपासायला विसरली होती. आम्ही ती गाडी घेतली.

पुढचे आठ-नऊ महिने चांगले गेले. रविवारी धरणाच्या काठाने जायचो. लवासाचं काम चालू होतं, लोक बघायला जायचे, म्हणून आम्हीही एकदा घाट चढून गेलो. तिथे उभं राहून ती म्हणाली, आपल्या परभणीचे लोक बघतील तर म्हणतील, एवढं पाणी असून घरं कशाला डोंगरावर? एकदा परभणीलाही जाऊन आलो. वाटेत थांबत, पेरू खात. ती मागेच बसायची. पाय वर घेता येतात म्हणून, आणि मला ड्रायव्हर म्हणता येतं म्हणून. "ड्रायव्हर, गाडी काढा," असं काकूंना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणायची. कंबर दुखायची, पण कमी. आम्ही दोघांनी ते रस्त्याच्या नावावर घालून टाकलं. ठरलेल्या तारखेला दाखवलं, तेव्हाही सगळं ठीक निघालं.

पावसाळा संपला. नवरात्रात, पौडकडून येताना, ती म्हणाली, "मागे डावीकडे ठक् होतंय."

मला आनंदच झाला. इतक्या दिवसांनी तिने डोळे मिटले होते. मी म्हणालो, पावसाने बुश गेला असणार. मेकॅनिकने बघितलं. बुश तसा बरा होता, पण बदलला. चार दिवसांनी ती म्हणाली, होतंय अजून. मेकॅनिकने शॉकअप काढून हाताने दाबून बघितला. चांगला होता. तरी आम्ही बदलला. जोडीने बदलायचा असतो म्हणून उजवाही बदलला. अलाइनमेंट केली, चाकं इकडची तिकडे केली. होतंय, ती म्हणाली. तिला स्वतःला लाज वाटायला लागली होती. ती म्हणायची, माझंच काहीतरी असेल. मी म्हणायचो, तुझं आजवर कधी चुकलंय का?

तिसऱ्या वेळी मेकॅनिक स्वतः मागे तिच्या जागेवर बसला. मी त्याला त्याच रस्त्याने नेऊन आणलं. गाडीतून काही आवाज आला नाही. गॅरेजला परत आलो तेव्हा ती शेडबाहेर स्टुलावर बसून चहा पीत होती.

"वहिनी," मेकॅनिक म्हणाला, "आता या चाकात बदलायला काही शिल्लक नाही. गाडीची सगळ्यात चांगली बाजू झालीय ती. उजवी बाजू रुसेल आता."

ती हसली. मग म्हणाली, "अजून एकदा. मी मागे बसते, तुम्ही दोघं पुढे."

निघालो. घोटावडे फाट्यावर ट्रकमुळे रस्ता अडला होता. मी गिअर काढला, हँडब्रेक ओढला आणि इंजिन बंद केलं. पुढच्या ट्रकवाल्याचं आणि एका जीपवाल्याचं काहीतरी भांडण चाललं होतं, आम्ही ते ऐकत बसलो.

"आत्ता," ती म्हणाली.

"आत्ता काय?"

"आत्ता झालं. ठक्."

मेकॅनिकने मान मागे वळवली. "वहिनी, गाडी उभी आहे."

तो ते सहज म्हणाला, चूक दाखवून देतात तसं. मग त्याने पुन्हा समोर तोंड केलं आणि तसाच राहिला. मी आरशात बघितलं. तिच्या मांडीवर पिशवी होती. ती तिने उजवीकडून डावीकडे घेतली होती, बाकी काही केलं नव्हतं. तिचा हात अजून पिशवीवर होता. ती माझ्याकडे आरशात बघत होती.

भांडण मिटलं. पुढचे ट्रक हलले. मला ते दिसत होतं, पण हात किल्लीकडे जाईना.

"चला," ती म्हणाली. "मागे हॉर्न देतायत."

गॅरेजला मेकॅनिक उतरला आणि कुणी न सांगता पुढची काच पुसायला लागला. पुसून झाली तरी पुसत राहिला. ती मागच्या दाराने उतरली आणि पुढे माझ्या शेजारी येऊन बसली. गाडी घेतल्यापासून पहिल्यांदाच.

भुकूमच्या अलीकडे मी म्हणालो, "सोमवारची वेळ घेतो डॉक्टरांची."

"घ्या." थोड्या वेळाने म्हणाली, "गाडीला मात्र उगाच नावं ठेवली."

डाव्या खुब्याच्या हाडात होतं. मणक्यातही होतं. मी डॉक्टरांना विचारलं की हे गॅरेजच्या चकरांत गेलेले आठवडे गेले नसते तर? त्यांनी फिल्म परत उजेडावर लावली, बराच वेळ बघितली आणि म्हणाले, त्याने काही फरक पडला नसता. ते खोटं बोलणारे नव्हते. मग मी आकडा विचारला, किती वेळ आहे याचा. त्यांनी सांगितला. मी आयुष्यभर आकड्यांत काम केलं आहे, पण हा कुणाला सांगितलेला नाही, इथेही लिहीत नाही. तिने मला विचारला नाही.

मग पुण्याला किरणांचे शेक घ्यायला रोज जाणं सुरू झालं. तो रस्ता मला पाठ झाला. कुठल्या खड्ड्याला डावीकडून घ्यायचं, कुठे अख्खी गाडी साइडपट्टीवर उतरवायची, कुठला गतिरोधक तिरका घेतला तर एका वेळी एकच चाक चढतं. तिरका घेतला की तिला कमी लागायचं. मागून लोक शिव्या द्यायचे. मला त्या ऐकू यायच्या, पण लागायच्या नाहीत.

आणि मी टायरमधली हवा कमी केली. तीसऐवजी चोवीस ठेवायला लागलो. हवा कमी असली की टायर मऊ बसतो आणि खड्डा थोडा गिळतो. असं करू नये. टायर दोन्ही कडांना झिजतो, गाडी वळणावर लोळते, ब्रेक लागायला वेळ लागतो. मी लोकांना हेच सांगत आलो होतो. पेट्रोल पंपावरचा माणूस रोज विचारायचा.

"साहेब, चारीत हवा कमी आहे. भरू?"

"नको."

"टायर खाईल."

"खाऊ दे."

आबांच्या नजरेतून ते सुटलं नाही. एका सकाळी मी गाडी काढत होतो, तर काठीने टायर ठोकून म्हणाले, "साहेब, चारी टायर बसल्यात तुमचं. तुमी केस मोजनारं, आन ह्ये दिसंना व्हय?"

मी त्यांना सांगितलं का ते. काठी टेकत गोठ्याकडे गेले.

मुख्य रस्त्यापासून आमच्या दारापर्यंतची गल्ली कच्ची होती. पावसाने तिच्यात चाकोऱ्या पडलेल्या. शेवटचं ते शंभरेक पावलांचं अंतर तिला सगळ्या पौड रस्त्यापेक्षा जास्त लागायचं. तिथे वळताना ती आधीच माझ्या सीटची पाठ धरायची. त्या संध्याकाळी आम्ही परत आलो आणि वळलो, तर गल्ली भरलेली होती. मुरूम टाकून, पाणी मारून, वरून ट्रॅक्टर फिरवून सपाट केलेली. आबा दाराशी उभे होते. घोट्यापर्यंत तांबडे.

"आबा, हे कधी केलंत?"

"टाकायचाच हुता लई दिस. माज्या जीपला तरास हुत हुता."

त्यांच्या जीपला त्या गल्लीचा त्रास होत नव्हता. ती नांगरलेल्या रानातूनही जायची. बायकोने खिडकीतून हात बाहेर काढला. आबांनी तो दोन्ही हातांत धरला आणि नुसते मान हलवत राहिले. मग म्हणाले, "ताय, पास का आमचा रस्ता?"

"पास," ती म्हणाली.

शेक संपले. थोडे दिवस बरं वाटलं, एकदा तर ती काकूंबरोबर ओट्यावर पापड लाटायला बसली. मग पुन्हा दुखणं वाढलं, पुन्हा दवाखान्यात राहणं झालं. उन्हाळ्याच्या शेवटी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता घरी न्या. त्यांनी रुग्णवाहिका देतो म्हटलं. तिने ऐकलं आणि नाही म्हणाली. म्हणाली, आपली गाडी आहे की.

मी मागच्या सीटवर दोन गाद्या घातल्या, मध्ये उशा भरल्या. दवाखान्यातल्या दोघांनी तिला चादरीसकट उचलून आत ठेवलं. ती इतकी हलकी झाली होती की गाडी तिच्या वजनाने खाली बसली नाही. मी निघालो. दुपार होती, रस्त्यावर गर्दी कमी. चांदणी चौक ओलांडल्यावर तिने एकदा पाणी मागितलं. मी गाडी बाजूला घेऊन दिलं. बावधनच्या पुढे मी बोलत होतो, कुठे नवीन काय बांधलंय, कुठल्या वळणावर आंबेवाला बसलाय. भूगावला माझ्या लक्षात आलं की ती उत्तर देत नाही. मी आरसा खाली वळवला. तिचा श्वास चालू होता. ती झोपली होती.

कित्येक महिन्यांत तिला गाडीत झोप लागली नव्हती. भूगावपासून पुढचा सगळा रस्ता मी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये आणला. मागे एस.टी. लागली होती. तिच्या ड्रायव्हरने बराच वेळ हॉर्न दिला. मग शेजारून पुढे जाताना त्याने आत बघितलं आणि हात वर करून गेला. मी गल्लीत वळलो. आबांचा मुरूम घट्ट बसला होता. दारासमोर गाडी उभी केली, इंजिन बंद केलं आणि बसून राहिलो.

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. खिडकीशी वाकून म्हणाल्या, "आली का माजी बाय? उठवा की तिला. कॉट लावलीया आत."

मी ओठावर बोट ठेवलं. त्यांनी आत बघितलं आणि तिथेच, गाडीच्या दाराशी, जमिनीवर बसल्या. आबा गोठ्यातून आले, त्यांना काकूंनी हातानेच गप्प केलं. तेही ओट्यावर टेकले. सावली गाडीवरून पुढे सरकली आणि भिंतीवर गेली. काकूंनी एकदा उठून चहा करून आणला. तो मी तसाच हातात धरला.

बऱ्याच वेळाने मागून हालचाल झाली.

"अहो."

"हं."

"पोचलो का आपण?"

"पोचलो."

ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. ओटा, काकू, आबा. मग म्हणाली, "मला कळलंच नाही."